‘वाटीसारखी’ म्हणजे कशी? हातवळण शब्दांत उतरवायला शिकवणारे गटखेळ

‘पारी वाटीसारखी करायची,’ काकू पडद्यामागून म्हणाल्या.

पडद्याच्या अलीकडे चौघीजणी कणकेचे गोळे घेऊन बसल्या होत्या. एकीने आमटीची खोल वाटी केली, दुसरीने चटणीची पसरट. तिसरीची सरळ काठाची आणि सगळीकडे सारखी जाड, अगदी स्टीलची वाटी. चौथीने नुसतंच माझ्याकडे पाहिलं. पलीकडून आवाज आला, ‘झाली ना? आता चुण्या पाडा.’

काकू तीसेक वर्षं गणपतीत मोदक करताहेत. त्यांच्या डोळ्यांपुढे जी वाटी होती तिचा तळ जरा जाड आणि काठ पातळ होता. काठ जाड राहिला तर चुण्या पडत नाहीत आणि तळ पातळ झाला तर सारणाने फाटतो. हे त्यांना ठाऊक होतं, पण त्यांनी सांगितलं नाही. आळस नव्हता की लपवाछपवी नव्हती. ‘वाटी’ म्हटलं की ते सगळं त्यात आलंच, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

मी शिक्षकांच्या, बचत गटांच्या आणि छोट्या कारखान्यांतल्या सुपरवायझरांच्या कार्यशाळा घेते. हा अर्ध्या दिवसाचा भाग त्यात आता कायमचा झाला आहे. तो कसा घ्यायचा, साहित्य काय, कुठे फसतो, ते इथे लिहिते आहे. खेळ पाच आहेत. वेळ नसेल तर पहिला आणि चौथा एवढेच घ्या, पण चौथा अर्धवट घेऊ नका.

थोडं मागचं

मायकेल पोलान्यी हा हंगेरीत जन्मलेला रसायनशास्त्रज्ञ पुढे तत्त्वज्ञानाकडे वळला. माणसाला जेवढं सांगता येतं त्याहून जास्त ठाऊक असतं, हा त्याचा मुद्दा. सायकलचं उदाहरण तो देतो: उजवीकडे तोल जायला लागला की आपण हँडल उजवीकडेच वळवतो आणि सावरतो. सायकल येणारा प्रत्येकजण हे करतो. विचाराल तर बरेचजण ‘डावीकडे वळवतो’ असं छातीठोक सांगतील. अशा ज्ञानाला इंग्रजीत टॅसिट नॉलेज म्हणतात. मराठी पुस्तकांत ‘अव्यक्त ज्ञान’ वगैरे शब्द दिसतात, पण कार्यशाळेत तो शब्द काढला की लोक वह्या उघडून व्याख्या उतरवायला लागतात. मी ‘हातवळण’ म्हणते. स्वयंपाकाला आणि अक्षराला आपण तोच शब्द लावतो, त्यामुळे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

गटखेळांनी दोन गोष्टी उघड व्हायला हव्यात. जाणकाराला आपण काय गाळलं ते दिसत नाही, ही पहिली. दुसरी जास्त घातक आहे: ऐकणारा ती गाळलेली जागा स्वतःच्या कल्पनेने भरतो आणि आपण काही भरलं याची त्याला शंकाही येत नाही. म्हणून ‘कळलं का?’ला ‘हो’ येतं, आणि ते ‘हो’ प्रामाणिक असतं.

तयारी

माणसं बारा ते वीस. मी एकदा चाळीसजणांना एका हॉलमध्ये बसवलं होतं. दुसऱ्या खेळापर्यंत कुणाचा आवाज कुणाला ऐकू येईना आणि संयोजकांनी मध्येच चहा आणला. विसाच्या वर माणसं असतील तर दोन तुकड्या करा.

चौघाचौघांचे गट. साहेब आणि त्यांच्या हाताखालचा माणूस एका गटात नको, सासू-सून नको, मुख्याध्यापक आणि त्यांचेच शिक्षकही नको. चुकायची मोकळीक असेल तरच हे खेळ चालतात.

प्रत्येक गटात एकजण सांगणारा, दोघे करणारे आणि एक टिपणारा. टिपणाऱ्याचं काम लोकांना हलकं वाटतं म्हणून सगळ्यात गप्प माणसाकडे ढकललं जातं. मी ते मुद्दाम गटातल्या सगळ्यात बोलक्या माणसाला देते. त्याने तोंड बंद ठेवायचं आणि कागदावर तीन रकाने भरायचे: सांगणाऱ्याने कोणता शब्द वापरला, ऐकणाऱ्याने त्यावर काय केलं, सांगणाऱ्याच्या हाताने असं काय केलं जे तोंडातून आलंच नाही. तिसरा रकाना पहिल्या दोन खेळांत रिकामाच राहतो. राहू दे.

साहित्य: कोरे कागद, पेन्सिली, गटागणिक दोन काडेपेट्या आणि दहाबारा बटणं, एक जुनी चादर व दोरी, ओला रुमाल, तेलाची वाटी, आणि कणीक. उकड घेऊ नका, गार झाली की तडकते. तळणीच्या मोदकाला भिजवतात तशी घट्ट कणीक घ्या. पाहा, मीही तेच केलं! घट्ट म्हणजे किती? पोळीच्या कणकेत बोट सहज रुततं, हिच्यात रुतवायला जोर लावावा लागतो. माणशी लिंबाएवढे सहा गोळे लागतात. दोन तर पहिल्याच फेरीत वाया जातात.

खेळ पहिला: ठेका (पंधरा मिनिटं)

दोघादोघांच्या जोड्या करा. एकाने मनात एखादं सगळ्यांच्या ओळखीचं गाणं, आरती किंवा बडबडगीत धरायचं आणि टेबलावर बोटांनी त्याचा नुसता ठेका वाजवायचा. गुणगुणायचं नाही, मान डोलवायची नाही. समोरच्याने ओळखायचं. राष्ट्रगीत मात्र नको म्हणून आधीच सांगा. एकदा एकाने तेच वाजवलं, ओळखणारी ताडकन उभी राहिली, आणि मग सगळा हॉल.

वाजवायच्या आधी एक गोष्ट न चुकता करून घ्या. वाजवणाऱ्याने कागदावर लिहायचं: ‘समोरचा ओळखेल’ किंवा ‘नाही ओळखणार’. हा कागद नसेल तर खेळाची नुसती करमणूक होते.

१९९० साली स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन या विद्यार्थिनीने पीएच.डी.साठी हाच प्रयोग केला होता. १२० गाणी वाजवली गेली, ओळखली गेली फक्त ३. वाजवणाऱ्यांचा अंदाज होता की निम्मी तरी ओळखतील. त्यांच्या डोक्यात पेटी-तबल्यासकट गाणं वाजत असतं आणि समोरच्याला ऐकू येते ती टकटक. तुमच्या हॉलमध्येही साधारण हेच होईल, फक्त एखादी आरती जास्त ओळखली जाते. हा आकडा खेळ संपल्यावर सांगा, आधी नको.

ज्याला ओळखता आलं नाही त्याचा चेहरा पडतो, तेव्हा लगेच जोडी उलटी करा. आता वाजवणारा ओळखायला बसतो. एवढ्यावर चर्चेची गरजही उरत नाही. मी दोन मिनिटांत पुढे जाते.

खेळ दुसरा: सायकल (दहा मिनिटं)

सगळ्यांनी आठवून सायकल काढायची. चित्रकला नको, फक्त चौकट, पॅडल, साखळी जागच्या जागी हवीत. साखळी पुढच्या चाकाला जोडलेली सायकल प्रत्येक हॉलमध्ये निघते. पुढचं-मागचं चाक एकाच दांडीने जखडलेली सायकल, जी जन्मात वळणार नाही, तीही निघते. लिव्हरपूल विद्यापीठातल्या रिबेका लॉसन यांनी २००६ मध्ये यावर शोधनिबंध लिहिला. रोज पाहिलेल्या वस्तूबद्दल आपल्याला वाटतं त्यापेक्षा बरंच कमी ठाऊक असतं, असं त्यांना आढळलं. चित्रं भिंतीवर नावांशिवाय लावा. खिडकीतून खाली उभ्या असलेल्या खऱ्या सायकलीकडे सगळे धावतात, तो गोंधळ होऊ द्या.

खेळ तिसरा: पाठीला पाठ (चाळीस मिनिटं)

सांगणारा आणि करणारा पाठीला पाठ लावून बसतात. सांगणाऱ्यापुढे आठ काड्या आणि पाच बटणांची एक मांडणी असते. ती मीच आधी मांडून कागदाने झाकून ठेवते. करणाऱ्याला तशीच मांडणी करायची आहे. एका मांडणीत एखादी काडी तिरकी, एक बटण पालथं आणि एक जागा मुद्दाम मोकळी ठेवा. यापेक्षा अवघड करू नका, अवघड केलं की लोक सांगण्याऐवजी कोडं सोडवायला लागतात.

पहिल्या फेरीत करणाऱ्याने चकार शब्द काढायचा नाही. दुसऱ्या फेरीत नवी मांडणी, पण आता हवे तेवढे प्रश्न विचारायचे. दोन्ही वेळा घड्याळ लावा. पहिली फेरी लवकर उरकते आणि चुकते. दुसरीला वेळ लागतो आणि जमते. १९५१ मध्ये लेव्हिट आणि म्यूलर या दोघांनी आयतांच्या आकृत्या सांगून काढायला लावल्या, तेव्हा त्यांनाही हेच दिसलं होतं. गटातला एखादा हिशेबी माणूस म्हणेल, ‘मॅडम, पण प्रश्नांत दुप्पट वेळ गेला.’ त्याला चुकलेली मांडणी दुरुस्त करायला किती वेळ लागेल ते विचारा. त्याच्या कारखान्यात ‘रीवर्क’ हा शब्द रोजचा असतो.

या खेळात ‘वर’ हा शब्द हटकून दगा देतो. ‘काडीच्या वर बटण ठेव.’ एकजण बटण काडीवर चढवतो, दुसरा कागदावर काडीच्या पलीकडे ठेवतो. दोघांचं मराठी बरोबर आहे. ‘उजवीकडे’चं तेच: पाठीला पाठ असताना माझी उजवी बाजू तुमची डावी. आणि ‘पुढे’ म्हणजे माझ्यापासून लांब की तुमच्याकडे?

तिसरी फेरी मी नंतर जोडली. मांडणी उघडण्याआधी दोघांना समोरासमोर दोन मिनिटं द्यायची. कशाला काय म्हणायचं एवढंच ठरवायचं. ‘गुल असलेलं टोक म्हणजे डोकं.’ ‘कागदाचा ज्या काठाला मी बसलोय तो खालचा काठ.’ ‘तिरकं सांगताना घड्याळाचे आकडे वापरू, दोनच्या दिशेला, दहाच्या दिशेला.’ मग पुन्हा पाठीला पाठ. बहुतेक जोड्या या फेरीत पहिलीइतक्याच झटपट आणि दुसरीइतक्याच बिनचूक होतात.

मुंबईच्या डबेवाल्यांचं उदाहरण मी इथे सांगते. १८९०च्या सुमारास महादेव हावजी बच्चे यांनी सुरू केलेलं ते काम डब्याच्या झाकणावरच्या चारदोन खुणांवर चालतं. कुठल्या स्टेशनवर उतरवायचा, कुठल्या इमारतीत, कितव्या मजल्यावर, हे सगळं रंग, अक्षरं आणि आकड्यांत. आपण वाचलं तर काही कळत नाही. त्यांना कळतं, कारण खुणा आधी ठरल्या आहेत. ‘सगळं सविस्तर सांगा’ हा धडा या खेळातून कुणी घेऊन जाऊ नये. आधी जे ठरवलं आहे ते पुन्हा सांगावं लागत नाही.

यानंतर चहा. कणीक ओल्या रुमालाखाली झाकली आहे ना, पाहून घ्या.

खेळ चौथा: पडद्यामागचे मोदक (दीड तास)

हा खेळ नुसता मोदकाचा नाही. जिथे हाताला ठाऊक असलेलं काम आहे तिथे तो चालतो. कारखान्यात मी मोदकाऐवजी केबलचं भेंडोळं गुंडाळायला लावते, शाळेत फेटा बांधायला. अट एकच: गटातल्या एकाला ते काम झोपेतही येत असावं आणि बाकीच्यांना अजिबात नको.

आधी प्रत्येक गटातून एका करणाऱ्याला खोलीबाहेर पाठवा. दोघांपैकी जो कमी कामसू दिसतो त्याला. त्याचं काम शेवटी आहे. तोवर त्याला चहाचे कप गोळा करू द्या, पण आत डोकवायला देऊ नका.

पहिली फेरी, पंधरा मिनिटं: चादरीच्या एका बाजूला जाणकार, दुसऱ्या बाजूला करणारा. जाणकाराच्या हातातही कणीक हवी. त्याने स्वतः करत करत सांगायचं. टिपणारा चादरीच्या कडेला, दोन्ही बाजू दिसतील असा. प्रश्न विचारायची मुभा आहे. तरीही जे तयार होतं त्याला मोदक म्हणवत नाही. इथे हॉल हसतो.

या हसण्यावर लक्ष ठेवा. सुरुवातीच्या एका कार्यशाळेत मी चुकलेले मोदक ताटात मांडून सगळ्यांना दाखवले. ज्या बाई सांगत होत्या त्यांना वाटलं, हसतात ते आपल्याला. त्या उरलेला वेळ गप्प बसल्या आणि जेवणाआधी निघून गेल्या. आता मी पहिल्या फेरीचे मोदक परत गोळ्यात मिसळायला लावते, आणि हसायचंच असेल तर आधी मी केलेला दाखवते. मला अजून नीट येत नाहीत.

दुसरी फेरी, दहा मिनिटं: चादर काढा. जाणकाराने करायचं, तोंड बंद. बाकीच्यांनी बघायचं, प्रश्न नाहीत. टिपणाऱ्याचा तिसरा रकाना इथे भरायला लागतो. काकूंच्या गटात टिपायला एक तरुण शिक्षक होता. त्याने लिहिलेलं मी जपून ठेवलंय: ‘अंगठा आत. पहिलं आणि मधलं बोट बाहेर. चिमटा. बोटं जागेवरच!! डावा तळहात फिरतो.’

काकू उजव्या हाताने चिमटा घेत होत्या आणि प्रत्येक चिमट्यामागे डावा तळहात पारीसकट इतकुसा फिरवत होत्या. पारी बोटांकडे येत होती. पडद्याअलीकडच्या चौघीजणी डावा हात घट्ट धरून उजवा हात पारीभोवती नेत होत्या. मनगट एका टप्प्यापुढे वळत नाही, मग चिमटा वाकडा बसतो आणि काठ फाटतो. त्याने हे वाचून दाखवलं तेव्हा काकूंनी पुन्हा एक पारी घेतली, दोन चुण्या पाडल्या, स्वतःच्या डाव्या हाताकडे पाहिलं आणि म्हणाल्या, ‘अगंबाई, मी हात फिरवते होय?’

जपानमधली याच वळणाची एक हकिगत व्यवस्थापनाच्या वर्गांत सांगितली जाते. मात्सुशिता कंपनी १९८०च्या दशकात घरगुती पाव भाजायचं यंत्र बनवत होती. पाव बाहेरून करपायचा आणि आतून कच्चा राहायचा. इकुको तानाका ही सॉफ्टवेअर बनवणारी मुलगी ओसाका इंटरनॅशनल हॉटेलच्या मुख्य पाववाल्याकडे शिकायला जाऊन राहिली. तो कणीक नुसती ताणत नाही, ताणताना पीळही देतो, हे तिला तिथे समजलं. यंत्राच्या भांड्याला आतून खास कंगोरे काढले आणि पाव जमला. पाववाल्याने ते कधीच कुणापासून लपवलं नव्हतं. ही गोष्ट मी दुसरी फेरी झाल्यावर सांगते. आधी सांगितली तर सगळे ‘पीळ’ शोधत बसतात.

तिसरी फेरी, अर्धा तास, ही खरी: आता जाणकार करतोय आणि बाकीचे त्याला थांबवून थांबवून विचारतात. मोकळं सोडलं तर लोक ‘कसं करता?’ एवढंच विचारतात आणि उत्तर येतं, ‘असं.’ म्हणून मी फळ्यावर पाच प्रश्न लिहून ठेवते.

‘आता थांबायचं हे तुम्हाला कशावरून कळलं?’
‘बिघडणार असेल तर आधी काय दिसतं, कसा आवाज येतो, हाताला काय लागतं?’
‘नवीन माणूस पहिली चूक कोणती करतो?’
‘हे असंच न करता दुसऱ्या तऱ्हेने केलं तर काय होईल?’
‘आत्ता तुम्ही जे केलंत ते दरवेळी करता का?’

सगळ्यात जास्त माल पहिल्या प्रश्नातून निघतो. ‘काठ पातळ झाला की थांबायचं.’ पातळ कशावरून? ‘बोट दिसायला लागतं पलीकडून.’ म्हणजे दिसतं? ‘दिसत नाही अगदी, सावली दिसते.’ ‘बोटाची सावली’ हा शब्द काकूंनी त्याआधी कधी वापरला नसेल. पुढच्या क्षणापासून चौघीजणी तोच वापरत होत्या. चौथ्या प्रश्नाने कधी वादही होतात. चुण्या आधी पाडायच्या की सारण आधी भरायचं, यावर दोन जाणकारांचं कधीच एकमत होत नाही. वाद मिटवू नका, दोन्ही पद्धती लिहा.

आता कृतीचा कागद. गटाने मिळून एका पानावर, दहा ओळींच्या आत, दोन चित्रं चालतील. काही शब्द बंद: नीट, व्यवस्थित, जरा, थोडं, अंदाजाने, हवं तेवढं, चांगलं. त्यातला सगळ्यात लबाड शब्द ‘नीट’. त्याला काही अर्थच नसतो आणि तो ऐकून सगळे मान हलवतात. ‘थोडं तेल’ऐवजी ‘अंगठ्याचं टोक तेलात बुडवा’. ‘चुण्या जवळजवळ घ्या’ऐवजी ‘दोन चुण्यांमध्ये एक बोट मावेल’.

चौथी फेरी: बाहेर पाठवलेल्याला आत बोलवा. हातात कागद आणि दोन गोळे द्या. बाकी सगळे गप्प. तो कुठे अडतो ते टिपा. या फेरीत जाणकाराचे हात शिवशिवतात, पुढे होऊन ‘अरे असं’ म्हणावंसं वाटतं. त्यांना हात मागे बांधून उभं करा, चेष्टेत नाही, खरंच. पहिला मोदक झाल्यावर कागदात पेन्सिलीने दुरुस्ती, मग दुसरा गोळा. वेळ संपत आला म्हणून बरेचजण हा दुसरा गोळा गाळतात. मी सायकलचा खेळ गाळेन, हा नाही. आपण लिहिलेलं वाचून समोरच्याचा हात अडला आणि एक ओळ बदलल्यावर सुटला, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय लिहिण्याची शिस्त अंगात येत नाही.

खेळ पाचवा: परत सांगा (पंचवीस मिनिटं)

कानगोष्टींचा खेळ मी घेत नाही. कुजबुजून सांगितल्यावर निरोप बिघडणारच, त्यातून कुणी काय शिकायचं? रोजच्या कामात कुणी कुजबुजत नाही. मोठ्याने, स्पष्ट, शुद्ध मराठीत सांगितलेले निरोप बिघडतात.

त्याऐवजी चिठ्ठ्या. माझी आवडती चिठ्ठी अशी: ‘परवाच्या ऑर्डरच्या पावणेदोनशे पुड्या, निम्म्या लहान, पॅकिंग मागच्यासारखं. पुढची ऑर्डर आठ दिवसांनी.’

एकाने फोनवर बोलल्यासारखं वाचायचं, दुसऱ्याने लिहून घ्यायचं. मग विचारा, काय करणार? ‘परवा’ म्हणजे होऊन गेलेला की येणारा? मराठीत दोन्ही. ‘आठ दिवसांनी’ला बहुतेकजण त्याच वाराला पुढच्या आठवड्यात, म्हणजे सातव्या दिवशी, माल घेऊन जातात, एखादा मोजून आठव्या दिवशी जातो. ‘पावणेदोनशे’ इंग्रजी शाळेतल्या मुलांना हमखास अडतं, आणि १७५च्या निम्म्या म्हणजे साडेसत्त्याऐंशी पुड्या, हे तर मोठ्यांच्याही लक्षात येत नाही.

मग नियम लावून तोच खेळ पुन्हा. ‘कळलं का?’ विचारायचं नाही, ‘हो’ आणि ‘ओके’ म्हणायचं नाही. ऐकणाऱ्याने आपल्या शब्दांत, तारीख आणि आकड्यासकट परत सांगायचं. सांगणाऱ्याने फक्त ‘बरोबर’ किंवा ‘नाही’ म्हणायचं. लोकांना हे आधी पोरकट वाटतं. म्हणून मी टेनेरिफचं उदाहरण देते. २७ मार्च १९७७ला त्या बेटावरच्या विमानतळावर दाट धुक्यात दोन जंबो विमानं धावपट्टीवर एकमेकांवर आदळली, ५८३ माणसं गेली. उड्डाणाची परवानगी मिळालेली नसताना एका विमानातून ‘आम्ही आता टेक-ऑफवर आहोत’ अशा अर्थाचं संदिग्ध वाक्य गेलं. नियंत्रकाच्या उत्तरातलं ‘ओके’ नीट ऐकू आलं, आणि ‘थांबा’ सांगणारा पुढचा भाग दुसऱ्या विमानाच्या बोलण्याशी आदळून खरखरीत बुडाला. कारणं इतरही होती. पण त्यानंतर टेक-ऑफ हा शब्द प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा रद्द करतानाच वापरायचा आणि परवानगी शब्दशः परत म्हणून दाखवायची, यावर जगभर कडक भर दिला गेला. आपल्याकडे रेल्वेत गाडी सोडताना दोन स्टेशनमास्तर एकमेकांना प्रायव्हेट नंबर, म्हणजे त्या निरोपापुरता एक गुप्त आकडा, देऊन तो नोंदवतात, तेही याच जातीचं. नुसत्या ‘हो’वर गाडी सुटत नाही.

शेवटचा अर्धा तास

टिपणाऱ्यांनी आपले तीन रकाने वाचायचे. सांगणाऱ्यांनी स्पष्टीकरण द्यायचं नाही, फक्त ऐकायचं. मग प्रत्येकाने आपल्या कामातली एक गोष्ट लिहायची जी फक्त त्यालाच येते आणि तो रजेवर गेला की अडते. मुख्य लिपिक लिहितात, जुनं कपाट उघडताना किल्ली अर्धी बाहेर ओढून फिरवावी लागते. लेथवरचे ऑपरेटर लिहितात, आवाज ‘चिरकायला’ लागला की हत्यार बदलायचं. अंगणवाडी सेविका लिहितात, कुठलं मूल भुकेने रडतंय आणि कुठलं आईसाठी. घरी जाऊन तिसऱ्या फेरीचे पाच प्रश्न त्या एका गोष्टीवर लावायचे, एवढाच गृहपाठ.

इथे कुणीतरी विचारतंच, सगळंच लिहून काढता येईल का? येणार नाही, आणि तसं आश्वासन देऊ नका. हॅरी कॉलिन्स या समाजशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये ब्रिटिश प्रयोगशाळांबद्दल लिहिलं होतं. एका विशिष्ट प्रकारचा लेझर निव्वळ छापील माहितीवरून कुणालाच बनवता आला नव्हता. ज्यांचा तो बनवलेल्या माणसांशी संबंध होता, त्यांनाच जमला. तेही शास्त्रज्ञ, सगळं मोजून-मापून लिहिणारे. म्हणून कृतीच्या कागदावर शेवटची ओळ नेहमी अशी ठेवा: हे शिकायला कुणाच्या शेजारी बसायचं आणि किती वेळा करून पाहायचं. लेथच्या आवाजाला तर याशिवाय इलाजच नाही. ‘चिरकणं’ लिहून कळत नाही, दोनदा शेजारी उभं राहून ऐकलं की कळतं.

महिन्याने एक फोन करा किंवा भेटून या. ‘उपयोग झाला का?’ विचारू नका, ‘हो मॅडम, खूप’ असं उत्तर मिळेल. कागद दाखवा म्हणा. कोरा करकरीत असेल तर कुणी वापरलेला नाही. काकूंच्या गटाचा कागद आता त्यांच्या धाकट्या जावेकडे आहे. त्याला तेलाचे डाग पडलेत, ‘वाटीसारखी’ हा शब्द खोडून वर ‘तळ जाड, काठ पातळ’ लिहिलंय, आणि कडेला दुसऱ्याच अक्षरात: ‘बोटाची सावली दिसेपर्यंत. उजेडाकडे तोंड करून बसणे.’